तलावाचा तळ दिसला पाहिजे

उन्हाळ्याची सुटी लागली की दिल्ली, मुंबई, बंगळूर, हैदराबाद अशा सर्वच शहरांतील पोहण्याच्या तलावांवर मुलांची झुंबड उडते. पहिले काही दिवस पाणी आरशासारखे स्वच्छ असते. पुढे गर्दी वाढते, ऊन तापू लागते, आणि एके दिवशी सकाळी तलावाचे पाणी तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके दिसू लागते. पोहायला आलेली मंडळी नाके मुरडतात. व्यवस्थापक घाईघाईने ब्लीचिंग पावडरचे आणखी एक पोते फोडतो. दुसऱ्या दिवशी पाणी निवळण्याऐवजी अधिकच पांढरे झालेले असते. असे का व्हावे, याचा उलगडा पाण्याचे रसायन आणि गाळणयंत्राची वाळू या दोहोंत मिळून दडलेला आहे.

गढूळपणा हा केवळ डोळ्यांना खटकणारा दोष नव्हे. बुडणारा माणूस आरडाओरडा करतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो बहुधा निमूटपणे पाण्याखाली जातो. त्याला वाचवणाऱ्या जीवरक्षकापाशी डोळ्यांखेरीज दुसरे साधन नसते, आणि पाणी गढूळ असेल तर हे डोळेही निकामी होतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फॉल रिव्हर नावाचे शहर आहे. तेथील सार्वजनिक तलावात जून २०११ मध्ये एक स्त्री बुडाली. तलावाचा खोल भाग बारा फुटांचा, आणि पाणी इतके धूसर की तळ दिसतच नव्हता. पुढचे दोन दिवस लोक त्याच पाण्यात पोहत राहिले, जीवरक्षक काठावर बसून राहिले, आणि कोणालाही काही कळले नाही. दोन दिवसांनी, रात्रीच्या वेळी मृतदेह वर आला तेव्हा सर्वांना धक्का बसला. म्हणूनच या बाबतीतला पहिला नियम अगदी साधा आहे. सर्वांत खोल जागी तळावर वीतभर व्यासाची काळी तबकडी ठेवावी. काठावर उभे राहून ती स्पष्ट दिसत नसेल, तर तलाव त्या दिवशी बंद ठेवावा. बाकीचे उपाय त्यानंतरचे.

पाणी गढूळ दिसते ते त्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांमुळे. धूळ, घाम, त्वचेचा कोंडा, केसांचे तेल, शेवाळाच्या पेशी, चुन्याचे कण, असे हे मिश्रण असते. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो. वाळूचे गाळणयंत्र साधारणतः वीस-तीस मायक्रॉनपर्यंतचे कण अडवते. त्याहून बारीक कण वाळूतून निसटून पुन्हा तलावात येतात. शिवाय या कणांवर सारख्याच जातीचा विद्युत्भार असल्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात, एकत्र येत नाहीत आणि खालीही बसत नाहीत. आपल्याकडे माठातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची किंवा निवळीची बी उगाळून घालण्याची रीत जुनी आहे. तिचे मर्म हेच आहे. तुरटी कणांवरील विद्युत्भार नाहीसा करते, कण परस्परांना चिकटतात, त्यांचे कापसासारखे पुंजके होतात आणि ते तळाशी बसतात किंवा वाळूत अडकतात.

तथापि तुरटी टाकण्यापूर्वी गढूळपणाची जात ओळखली पाहिजे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, काचेचा एक पेला पुरतो. तलावाचे पाणी पेल्यात घ्यावे. ते खालून वर भराभर निवळत गेले तर ते हवेचे बुडबुडे होत, म्हणजे पंपाच्या ओढनळीत कोठेतरी हवा शिरत आहे. पाण्यात व्हिनेगरचे काही थेंब टाकताच पांढुरकेपणा नाहीसा झाला, तर तो चुना समजावा. पाण्यात हिरवट झाक असून भिंती बुळबुळीत लागत असतील, तर शेवाळाला आरंभ झाला आहे. विंधणविहिरीचे ताजे पाणी ब्लीचिंग पावडर पडताच तांबूस झाले, तर त्यात लोह आहे. यांपैकी काहीच न होता पाणी नुसतेच मळकट राहिले, तर ती बारीक घाण असून तिचे उत्तर गाळणयंत्रापाशी शोधावे.

आता सुरुवातीच्या पोत्याचे कोडे सुटते. ब्लीचिंग पावडरमध्ये चुना असतो. तिचा बराच भाग पाण्यात विरघळत नाही. शिवाय ती पाण्याचा अल्कधर्म वाढवते. हा गुणधर्म पीएच या अंकाने मोजतात. तलावाच्या पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान असावा. तो ८ च्या पुढे गेला की पाण्यात विरघळलेला चुना बाहेर पडू लागतो आणि पाणी दुधाळ होते. त्याच वेळी क्लोरिनची शक्तीही घटते. पीएच ७.५ असताना पाण्यातील मोकळ्या क्लोरिनपैकी जवळजवळ निम्मा भाग प्रभावी जंतुनाशकाच्या रूपात असतो. पीएच ८ झाला की तो भाग पावावर येतो. म्हणजे पोते रिकामे होते, जंतू मरत नाहीत आणि पाणी मात्र पांढरे होते. यावर उपाय दुहेरी आहे. ब्लीचिंग पावडर आधी पिंपात कालवून काही तास स्थिर ठेवावी आणि वरची निवळ तेवढीच वापरावी. पीएच वाढला असेल तर तो बेताने आम्ल देऊन खाली आणावा. येथे एक सावधगिरी प्राणांइतकी मोलाची आहे. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर यांचा एकमेकांशी कधीही संबंध येऊ देऊ नये. दोन्ही एकत्र आली की विषारी क्लोरिन वायू सुटतो. दोघांची भांडी, मापे आणि कोठारेसुद्धा वेगळी असावीत.

औषधांची गल्लत किती महाग पडते हे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिले. स्पर्धांच्या ऐन भरात, ९ ऑगस्ट रोजी, सूर मारण्याच्या स्पर्धेचा उघडा तलाव हिरवागार झाला. शेजारच्या तलावाचीही तीच गत झाली. चौकशीत आढळले की ५ ऑगस्टला ऐंशी लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड पाण्यात ओतले गेले होते. क्लोरिन जंतुनाशक आणि पेरॉक्साइडही जंतुनाशक, पण दोन्ही एकत्र आली की परस्परांना निष्प्रभ करतात. पहारेकरी आपापसांत लढून थकले आणि शेवाळाला रान मोकळे सापडले. तालबद्ध जलतरणातील खेळाडूंना पाण्याखाली एकमेकींना पाहणे अत्यावश्यक असते. त्यांच्यासाठी अखेर सुमारे ३७ लाख लिटर पाणी काढून टाकून सरावाच्या तलावातील स्वच्छ पाणी आणावे लागले.

रसायन ठीक असूनही पाणी निवळत नसेल तर गाळणयंत्राकडे वळावे. मोठ्या बंद टाकीत सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या दाण्यांची वाळू असते. पंप पाणी वरून खाली दाबतो आणि घाण वाळूत अडकते. वाळू भरत गेली की दाब वाढतो. टाकीवरील दाबमापकाचा काटा हीच यंत्राची नाडी होय. वाळू नुकतीच धुतलेली असतानाचा दाब टाकीवरच रंगाने लिहून ठेवावा. त्याहून दर चौरस सेंटिमीटरला अर्धा ते पाऊण किलो दाब वाढला की वाळू उलट दिशेने धुवावी. यालाच कामगार ‘बॅकवॉश’ म्हणतात. यात पाणी खालून वर जोराने सोडतात, वाळू फुगते, दाणे एकमेकांवर घासतात आणि मळ गटारात जातो. काचेच्या नळीतून स्वच्छ पाणी दिसेपर्यंत, म्हणजे बहुधा तीन ते पाच मिनिटे, हे चालू ठेवावे. त्यानंतरचे मिनिटभराचे पाणीही तलावात न घेता वाया जाऊ द्यावे.

पुष्कळ ठिकाणी उत्साहाच्या भरात वाळू रोज धुतली जाते. तीही चूक आहे. किंचित मळलेली वाळू कोऱ्या वाळूपेक्षा चांगली गाळते, कारण अडकलेली घाणच पुढच्या बारीक कणांना अडवते. आपण कधी धुवायचे ते घड्याळाला न विचारता काट्याला विचारावे.

काटा आणखीही काही सांगतो. दाब जास्त आणि पाणी कमी, तर वाळू तुंबली आहे. दाबही कमी आणि पाणीही कमी, तर पंपापुढील जाळीत केस व पालापाचोळा अडकला आहे. दाब कमी, पाणी भरपूर, पण ते मळकेच, तर वाळूत बिळे पडली असून पाणी त्यांतून न गाळताच पळत आहे. अशा वेळी टाकी उघडून पाहण्यास पर्याय नसतो. केसांचे तेल आणि अंगाला लावलेली मलमे मळाशी मिसळून वाळूचे चिकट गोळे झालेले आढळतात, किंवा चुन्यामुळे वरचा थर दगडासारखा घट्ट झालेला असतो. तेलकट वाळू तेल काढणाऱ्या द्रावणात रात्रभर भिजवून धुता येते. चुना थोडा असेल तर सौम्य आम्लाने सुटतो. वाळू जुनी होऊन दाणे गुळगुळीत झाले असतील, तर ती बदलणेच अंती स्वस्त पडते.

गाळणयंत्राची जागा कोणतेही औषध घेऊ शकत नाही, हे १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहराने अनुभवले. तेथे शहराच्या पाणीपुरवठ्यातील गाळणी नीट चालली नाही, पाण्याचा गढूळपणा वाढला, आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या सूक्ष्मजीवामुळे सुमारे चार लाख लोक आजारी पडले. या जीवावर नेहमीच्या प्रमाणातील क्लोरिनचा जवळजवळ परिणाम होत नाही. त्याला अडवण्याचे काम गाळणीनेच करावे लागते. तलावालाही हेच लागू आहे.

गढूळ झालेला तलाव पूर्ववत करायचा तर क्रम असा ठेवावा. प्रथम तलाव बंद करावा. पंपाची जाळी साफ करावी आणि गरज असेल तर वाळू धुवावी. मग पीएच ७.२ ते ७.५ वर आणावा, कारण क्लोरिन आणि तुरटी दोन्ही या टप्प्यात उत्तम काम करतात. त्यानंतर क्लोरिन द्यावा. एवढ्याने भागले नाही तर तुरटी. तिचे प्रमाण अंदाजाने ठरवू नये. चार बादल्यांत तलावाचेच पाणी घेऊन प्रत्येकीत वेगवेगळी मात्रा द्यावी, आणि जी सर्वांत कमी मात्रा पाणी निवळेल ती धरावी. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर साठ सेंटिमीटर खोल असलेल्या तलावात पाच लाख लिटर पाणी असते. लिटरला दहा ते पन्नास मिलिग्रॅम या हिशेबाने त्याला पाच ते पंचवीस किलो तुरटी लागते. ती विरघळवून सर्वत्र शिंपडावी, थोडा वेळ पाणी फिरू द्यावे आणि मग पंप रात्रभर थांबवावा. सकाळी तळाशी बसलेला गाळ हलक्या हाताने ओढून थेट गटारात सोडावा. तो गाळणयंत्रातून नेला तर वाळू पुन्हा तुंबते.

शेवटी लागतो तो धीर. पाच लाख लिटरांचा तलाव सहा तासांत एकदा फिरवायचा तर पंपाने ताशी सुमारे त्र्याऐंशी हजार लिटर पाणी ओढले पाहिजे. पण गाळलेले पाणी न गाळलेल्यात मिसळत असल्यामुळे एका फेरीत सगळे पाणी गाळले जात नाही. पहिल्या फेरीत सुमारे त्रेसष्ट टक्केच पाणी वाळूतून जाते. तीन फेऱ्यांत पंचाण्णव आणि चार फेऱ्यांत अठ्ठ्याण्णव टक्क्यांपर्यंत मजल जाते. म्हणजे पूर्ण दिवस-रात्र पंप चालल्याशिवाय फळ दिसायचे नाही. रात्री वीज वाचवण्यासाठी पंप बंद ठेवणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा.

या सर्व खटाटोपातला निम्मा भाग पोहणाऱ्यांच्याच हाती आहे. तेल चोपडलेले डोके आणि घामेजलेले अंग घेऊन पाण्यात उतरणारा प्रत्येक माणूस थोडा क्लोरिन खर्ची घालतो आणि थोडी वाळू तुंबवतो. डोळ्यांना झोंबणारा तलावाचा उग्र वासही जास्त क्लोरिनचा नसून बहुधा क्लोरिन आणि घाम यांच्या संयोगातून झालेल्या क्लोरामाइनचा असतो. पाण्यात उतरण्यापूर्वी साबण लावून केलेली पाच मिनिटांची अंघोळ ही सर्वांत स्वस्त गाळणी होय. ती ज्या तलावावर सक्तीने पाळली जाते तेथील पाणी कमी गढुळते, आणि उंच खुर्चीवर बसलेल्या जीवरक्षकाला, दुपारच्या गर्दीतही, तळावरची काळी तबकडी दिसत राहते.