अजब बंगल्याची वाट

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला आमच्या भागात त्या नावाने कोणी ओळखत नाही. आमच्या आजोबांच्या तोंडी तो ‘अजब बंगला’ होता, वडिलांच्या तोंडीही तोच होता, आणि आज आमच्या शाळेच्या पटावर ज्यांची नावे आहेत त्या मुलांच्या तोंडीही तोच आहे. फरक इतकाच, की आजोबांनी तो पाहिला होता. सौंसरहून छोट्या लाईनच्या गाडीत बसून ते कापसाच्या हिशेबासाठी नागपुरास जात, आणि काम आटोपले की परतीच्या गाडीपर्यंतचा वेळ अजब बंगल्यात काढीत. काचेमागचा वाघ आणि तांब्याच्या पत्र्यावर राजाने लिहिलेले पत्र या दोन गोष्टी त्यांनी आम्हांस इतक्या वेळा सांगितल्या, की आम्ही त्या पाहण्याआधीच पाहिल्या होत्या.

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मध्य प्रदेशातले, पण घरातली बोली मराठी. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे काढून या दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. संत्री आणि कापूस ही आमची पिके. बाहेरच्या वाचकांना आमचे गाव ठाऊक असते ते बहुधा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे. वर्तमानपत्रांना आमची आठवण त्या एकाच दिवशी होते. असो. आज सांगावयाचे आहे ते वेगळेच.

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही आमच्या शासकीय शाळेच्या आठवीच्या वर्गाची सहल अजब बंगल्याला नेली. वर्गात मुले ६१. बसचे भाडे, डबा घरचा धरूनही, मुलामागे ३६० रुपये पडले. संग्रहालयाचे तिकीट नाममात्र असते; पैसा लागतो तो रस्त्याला. त्या वर्षी मध्य प्रदेशात रोजगार हमीच्या कामाचा दिवसाचा दर २२१ रुपये होता. म्हणजे एका मुलाच्या सहलीसाठी घरातल्या एका माणसाची दीड दिवसाहून अधिक मजुरी, आणि दोन भावंडे शाळेत असली तर हिशेब करण्याचेही कारण नाही. एक माउली शाळेच्या फाटकाशी येऊन म्हणाली, “गुरुजी, पोराले न्या. पैसे संत्र्याची तोड सुरू झाली का देतो.” आम्ही तिच्या मुलाला नेले. पण मागावयास न आलेल्या घरांचे काय? ठरलेल्या सकाळी बसमध्ये ३८ मुले बसली. तेवीस राहिली.

येथवर जे झाले ते अनेक शाळांत होते. पुढे जे झाले तो दोष सर्वस्वी आमचा. सहलीच्या दुसऱ्या दिवशी वर्गावर गेलो आणि सवयीने फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला: ‘आम्ही पाहिलेला अजब बंगला’. लिहून मागे वळलो तेव्हा अर्ध्याहून थोड्या जास्त माना वहीत खाली गेल्या होत्या आणि बाकीच्या आमच्याकडे पाहत होत्या. कोणी काही बोलले नाही. गरीब घरची मुले अशा वेळी बोलत नाहीत, हे बत्तीस वर्षांच्या नोकरीत आम्हांस ठाऊक असावयास हवे होते. आम्ही फळा पुसला खरा, पण पुसल्याने काय होते? एका मुलीने तरीही निबंध लिहून दिला. ती आली नव्हती. शेजारणीकडून ऐकून तिने वाघ लिहिला, तलवारी लिहिल्या, राजाचे तांब्याचे पत्र लिहिले, आणि शेवटी एक ओळ: ‘हे सर्व मी पाहिले नाही.’ वही तपासताना त्या ओळीखाली आम्हांला काही लिहिता आले नाही.

अजब बंगला हा आमच्यासाठी परक्या राज्यातला तमाशा नव्हे, हे येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि नागपूर त्याची राजधानी झाले. हे संग्रहालय निघाले १८६३ मध्ये, रिचर्ड टेंपल मुख्य आयुक्त असताना. ते नागपूर शहराचे म्हणून नव्हे, प्रांताचे म्हणून निघाले, आणि छिंदवाडा त्या प्रांतातलाच जिल्हा. ज्या नागपुरात ते उभे आहे ते शहर वसविणारा गोंड राजा बख्त बुलंद शहा हा देवगडचा, आणि देवगडचा किल्ला छिंदवाडा जिल्ह्यात आहे. १८७० मध्ये बालाघाटकडील गुंगेरिया गावी गुरे राखणाऱ्या मुलांना जमिनीत तांब्याचा तुकडा दिसला. खणताना चारशेहून अधिक ताम्रहत्यारे आणि शंभरावर चांदीचे पत्रे निघाले. त्यातला काही भाग लंडनला गेला, काही नागपूरच्या या संग्रहालयात राहिला. बालाघाटही आज मध्य प्रदेशात आहे. प्रत्यक्ष पांढुर्ण्याच्या नावाचा ताम्रपट आहे: वाकाटक राजा द्वितीय प्रवरसेनाचा, पाचव्या शतकातला. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या वाकाटक लेखसंग्रहात तो इतर ताम्रपटांबरोबर संपादित केला आहे. छिंदवाडा जिल्ह्यातलाच दुदिया ताम्रपटही त्याच राजाचा. दीड हजार वर्षांपूर्वी नंदिवर्धन-प्रवरपूरच्या राजाची आज्ञा आमच्या शिवारात चालत होती, हे मुलाला पाठ्यपुस्तकातून कळणे वेगळे आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली अक्षरे समोर पाहून कळणे वेगळे.

मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. भाषावार पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. तो निर्णय योग्य की अयोग्य हा वाद आता कोणी काढीत नाही, आम्हीही काढीत नाही. पण प्रांताचे संग्रहालय एका बाजूला राहिले आणि प्रांतातली मुले दुसऱ्या बाजूला, एवढे मात्र खरे. आम्ही सहलीच्या खर्चासाठी एकदा वरच्या कार्यालयाकडे अर्ज केला होता. तो शेरा मारून परत आला: भेटीचे ठिकाण राज्याबाहेर असल्याने विचार करता येत नाही. शेरा मारणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे नकाशा होता, इतिहास नव्हता. पांढुर्ण्याहून नागपूर रेल्वेने सुमारे शंभर किलोमीटर आणि राज्याची राजधानी भोपाळ पावणेतीनशेच्या पुढे. भोपाळचे मानव संग्रहालय आणि २०१३ मध्ये उघडलेले जनजातीय संग्रहालय दोन्ही पाहण्याजोगी आहेत, याबद्दल शंका नाही. आम्ही ती पाहिली आहेत, स्वतःच्या खर्चाने.

संग्रहालयांवर सरकार खर्च करीत नाही असे कोणी म्हणू नये. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना आहे. नव्या इमारती, दालने, वस्तूंचे जतन यांसाठी तीतून पैसा मिळतो. आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांच्या स्मृत्यर्थ केंद्राने देशात ११ संग्रहालये मंजूर केली. त्यांतले एक आमच्या जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी, छिंदवाड्यास झाले. तेथील आदिवासी संग्रहालय मुळात १९५४ चे. १९९७ मध्ये त्यास बादल भोई यांचे नाव दिले गेले, आणि सुमारे चाळीस कोटी खर्चून उभारलेल्या नव्या संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांनी १५ नोव्हेंबर २०२४ रोजी दूरदृश्य पद्धतीने केले. इमारत देखणी आहे. परंतु या साऱ्या खर्चात काचेचे कपाट आहे, दिवे आहेत, वातानुकूलन आहे. मुलाच्या घरापासून संग्रहालयाच्या दारापर्यंतचे अंतर त्यात धरलेले नाही. ते अंतर बापाच्या मजुरीतून कापायचे. शाळांच्या निधीत अभ्याससहलींसाठी तरतूद असते, परंतु आमच्या वाट्याला ती कधी आली, कधी नाही.

ज्या शाळेचे छप्पर पावसाळ्यात गळते त्या शाळेने संग्रहालयाचा हट्ट धरावा काय, असे आमच्या एका सहकाऱ्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. आमच्याही एका खोलीत श्रावणात बादली ठेवावी लागते. पण छप्पर दुरुस्त झाल्यावरच मुलांना बाहेर न्यायचे ठरविले, तर जी मुले आज आठवीत आहेत ती तोवर संत्र्याच्या बागेत पेट्या भरावयास लागलेली असतील. मुलगा आठवीत एकदाच असतो, किंवा असावा अशी आमची तरी इच्छा आहे.

मुलगा संग्रहालयाकडे जाऊ शकत नसेल तर संग्रहालयानेच गावास यावे, हा विचार जुना आहे. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन तज्ज्ञास बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था लाविली, तेव्हा पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी विनामूल्य पाठविल्या जात. बडोद्याच्या वाचकांना हे आम्ही सांगावे असे नाही. कलकत्त्याच्या बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालयाने १९६५ मध्ये विज्ञानाचे प्रयोग बसमध्ये मांडून ती बस शाळांकडे धाडण्यास प्रारंभ केला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून अशीच बस सुरू केली. तिला पैसा एका बँकेने दिला. बस आमच्या फाटकाशी आली तर आम्ही तिचे स्वागतच करू. तरी मनातले सांगतो: बसमधून येते ती प्रतिकृती. मूळ वस्तूपुढे मूल जसे गप्प उभे राहते तसे प्रतिकृतीपुढे राहत नाही. आम्हांला निवड करावयास सांगितले, तर आम्ही फिरत्या बसच्या आधी मुलांचे भाडे मागू. आणि ते सरकारी तिजोरीतूनच मागू. गावातील एका संत्रा-व्यापाऱ्यांनी सहलीचा निम्मा खर्च देऊ केला होता. त्यांचे मन मोठे, पण बसवर त्यांच्या दुकानाचे नाव आणि बससमोर मुलांचे छायाचित्र अशी त्यांची अपेक्षा होती. ‘कोणाच्या पैशाने गेलो’ हे त्या छायाचित्रात मुलांच्या चेहऱ्यावर लिहिले गेले असते. आम्ही आभार मानून नाही म्हटले. ते आजही आमच्याशी थोडे तुटक बोलतात.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला: जाईल तर सारा वर्ग जाईल. या नियमापायी पुढचे वर्ष जवळजवळ कोरडे गेले असते. तोडगा सुचविला तो शाळेच्या शिपाईमामांनी. “गुरुजी, बस कायले पाह्यजे? गाडी हाय ना!” छोटी लाईन २०१५ च्या अखेरीस बंद झाली आणि तिच्या जागी मोठी लाईन आली, हे आम्हांला ठाऊक होते, पण सहल म्हणजे बस हे डोक्यात इतके घट्ट बसले होते, की सवारी गाडीचे तिकीट किती पडते हे आम्ही विचारलेच नव्हते. विचारले तेव्हा लाज वाटली. आम्ही दोघा-तिघा शिक्षकांनी वर्गणी काढली आणि काही जुन्या विद्यार्थ्यांनी, नाव न सांगण्याच्या अटीवर, भर घातली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आठवीची ५७ मुले छिंदवाड्याच्या बादल भोई संग्रहालयाला निघाली. एक मुलगा तापाने राहिला. पैशामुळे कोणी राहिले नाही.

सौंसर सोडल्यावर थोड्याच वेळात रामाकोना येते. तेथे गाडी थांबली तेव्हा आम्ही मुलांना सांगितले, की ज्यांच्या नावाचे संग्रहालय पाहावयास आपण निघालो, त्या बादल भोईंना जंगल कायदा मोडल्याबद्दल २१ ऑगस्ट १९३० रोजी याच रामाकोन्यास पकडले होते. येथून त्यांना चांद्याच्या तुरुंगात नेले, आणि तेथेच १९४० मध्ये त्यांचा अंत झाला, असे जिल्ह्याच्या नोंदींत आहे. मुले खिडक्यांकडे धावली. फलाटावर एक म्हातारा पेरू विकत होता, एवढेच दिसले. वर्गात दोन मुले रामाकोन्याकडची होती. त्यांतला एक, एरवी हजेरीलाही हळूच ‘हजर’ म्हणणारा, मोठ्याने म्हणाला, “सर, हे आमचं गाव आहे.” गाडी सुटल्यावर तो घाट लागेपर्यंत बाकीच्यांना गावातल्या वाटा सांगत होता.

या खेपेस निबंध आम्ही परतल्यावर आठ दिवसांनी दिला. तापाने राहिलेल्या मुलास तोवर एका शिक्षकांनी स्वतः नेऊन आणले होते.

अजब बंगला मात्र राहिलाच आहे. नागपूरच्या बाजूस तीच गाडी जाते, आणि मोतीबागेत २००२ पासून छोट्या लाईनचे रेल्वे संग्रहालयही आहे. आमच्या मुलांच्या आज्या ज्या गाडीत बसल्या ती तेथे पाहता येईल. अर्ज आम्ही पुन्हा केला आहे. या वेळी त्यास १८६३ पासूनचा वृत्तान्त जोडला आहे आणि बसच्या जागी गाडीचे भाडे दाखविले आहे. ज्या नगरांत मोठी संग्रहालये आहेत, मग ते बडोदे असो, ग्वाल्हेर असो, की सालारजंगांचे हैदराबाद, तेथील महाराष्ट्र मंडळांनी अशा एखाद्या शासकीय शाळेची एका रात्रीची उतरण्याची सोय आपल्या सभागृहात केली, तर अर्जातला निम्मा खर्च कमी होतो. यादी तयार आहे. मुले ५४ आहेत, आणि नावापुढचा ‘रक्कम’ हा रकाना आम्ही या वर्षी आखलेला नाही.