दूध रोजचं, पावडर घरात

जांबे गावातून बोलतोय. चाकणला कामाला जाणारी पोरं आपल्याकडे भरपूर, म्हणून आजचा विषय: ‘जस्ट इन टाइम’.

दूध आपण रोज आणतो, महिन्याचं भरून ठेवत नाही. तसंच कारखान्यात पार्ट हवा तेव्हाच, हवा तेवढाच मागवायचा. टोयोटात ताईची ओनो यांनी ही पद्धत बसवली. फायदा काय? स्टॉकमध्ये पैसा अडकत नाही.

पण २०२१मध्ये चिप मिळेनात, आणि महिंद्राला उत्पादन कमी करावं लागलं. टोयोटा मात्र बराच काळ तगली. कारण २०११च्या भूकंपानंतर तिने पुरवठादारांना चिपचा २ ते ६ महिन्यांचा साठा ठेवायला लावला होता.

थोडक्यात, दूध रोज आणा, पण ज्याच्यावाचून अडेल त्याची पावडर घरात असू द्या. लाइन थांबली, की आधी कंत्राटी पोरांची हजेरी बुडते!