हात किती, यापेक्षा पकड किती

एकाच वेळी दोन-तीन लक्ष्यं धरणाऱ्या प्रतिपिंडांबद्दल वाचताना 'जितके हात जास्त, तितकं औषध भारी' असं सहज वाटतं. माझ्या मते खरी कारागिरी कुठला हात किती सैल ठेवायचा यात आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं ब्लिनाट्युमोमॅब बघा. त्याचं एक टोक ल्युकेमियाच्या पेशीवरचं सीडी१९ घट्ट धरतं, दुसरं टी-पेशीवरचं सीडी३ त्याहून कितीतरी सैल. तेही घट्ट असतं, तर औषध वाटेतल्या टी-पेशींनाच चिकटून बसण्याची भीती होती.

यावर कुणी म्हणेल, हाती काय लागलं? टॉवर चाचणीत, आजार उलटलेल्या रुग्णांचं मध्यक आयुष्य केमोथेरपीवर ४ महिने, तर या औषधावर ७.७ महिने होतं. फरक तुटपुंजा दिसतो खरा. पण पहिल्या उपचारांनी आजार दबलेल्या प्रौढांना केमोथेरपीच्या जोडीला हेच दिलं, तेव्हा ३ वर्षांनी ८५ टक्के हयात होते, नुसत्या केमोथेरपीवर ६८ टक्के.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सीडी१९ निरोगी बी-पेशींवरही असतं. त्या गेल्या तर संसर्गाचा धोका वाढतो, पण माणूस तग धरतो. फुफ्फुसाच्या निरोगी पेशींबाबत अशी चैन परवडत नाही. तिसरा हात मला पटतो तो इथे: कर्करोगाच्या पेशीवरची दोन वेगळी लक्ष्यं दोन सैल हातांनी धरायची, म्हणजे दोन्ही जिथे एकत्र सापडतील तिथेच पकड टिकेल. एकच लक्ष्य असलेली निरोगी पेशी, निदान हिशेबानं तरी, सुटते.