पेशी वाढायचे कधी थांबतात?

गरम चहाने तोंड पोळले तर काही दिवसांत ते आपोआप बरे होते. आजूबाजूच्या पेशींचे विभाजन होऊन नव्या पेशी तयार होतात आणि जखम भरली की हे विभाजन मंदावते. निरोगी शरीरासाठी हे थांबणे फार महत्त्वाचे आहे.

पेशीतील काही जनुके विभाजनाला चालना देतात, तर काही ते रोखतात. विभाजनाआधी पेशी आपला डीएनए तपासते. त्यात बिघाड आढळल्यास ‘पी५३’ नावाचे प्रथिन विभाजन थांबवते आणि दुरुस्तीला वेळ देते. दुरुस्ती शक्य नसेल तर ती पेशी नष्ट केली जाते. जवळपास निम्म्या कर्करोगांत या प्रथिनाचेच जनुक बिघडलेले आढळते.

तंबाखू, गुटखा किंवा मिश्रीतील नायट्रोसामाइन्ससारखी रसायने तोंडातील पेशींच्या डीएनएला रोज इजा करतात. एका बिघाडाने सहसा कर्करोग होत नाही. असे बिघाड वर्षानुवर्षे साचत जातात. शेवटी रोखणारी जनुके निकामी होतात आणि पेशी गरज नसताना वाढत राहतात. म्हणूनच “वीस वर्षे खातोय, काही झाले नाही” या समाधानात राहू नका.

तंबाखू सोडल्यास धोका हळूहळू कमी होतो. तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला किंवा तोंड कमी उघडू लागले, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीला बहुधा दुखत नाही, त्यामुळे दुखण्याची वाट पाहू नका.