प्लॅन कोलंबिया : मदतीचा हिशेब कोणत्या मापाने?

बंडखोरी आणि अमली पदार्थांचा व्यापार एकमेकांच्या आधाराने वाढू लागले की त्या देशाला दिलेल्या परकीय मदतीचे फलित मोजणे अवघड होऊन बसते. कोलंबिया हे त्याचे ठळक उदाहरण आहे. १९६४ पासून लढणारी 'फार्क' ही डावी गनिमी संघटना कोका पिकावर कर बसवून शस्त्रे घेत होती. तिच्याशी लढणाऱ्या उजव्या निमलष्करी टोळ्याही कोकेनवरच पोसल्या जात होत्या. राष्ट्राध्यक्ष आंद्रेस पास्त्राना यांनी १९९८ मध्ये वाटाघाटींसाठी फार्कला सुमारे ४२ हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश मोकळा करून दिला होता. याच पार्श्वभूमीवर 'प्लॅन कोलंबिया' आकाराला आला आणि २००० मध्ये अमेरिकेने त्यासाठी सुमारे १३० कोटी डॉलर मंजूर केले.

सहा वर्षांत अमली पदार्थांची लागवड, निर्मिती व वितरण निम्म्यावर आणायचे, असे उद्दिष्ट होते. ते साधले का? संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार कोकाखालील क्षेत्र २००० मधील १ लाख ६३ हजार हेक्टरवरून २००६ मध्ये ७८ हजारांवर आले, म्हणजे निम्म्याहूनही कमी झाले. अमेरिकी सरकारच्या अंदाजानुसार मात्र याच काळात ते १ लाख ३६ हजारांवरून १ लाख ५७ हजारांवर गेले! फवारणी सुरू होताच लागवड पुतुमायोतून नारिन्योसारख्या भागांत सरकली होती आणि अमेरिकेने पाहणीची व्याप्तीही वाढवली होती. एकच देश, एकच पीक. पण शेवटच्या आकड्यात दुपटीचा फरक. मदत देणाऱ्याने यश कोणत्या तक्त्यावरून जाहीर करावे?

अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००८ मध्ये त्यातल्या त्यात प्रामाणिक उत्तर दिले : सुरक्षेची स्थिती सुधारली, अमली पदार्थांचे उद्दिष्ट पुरते साधले नाही. तोवर ६०० कोटींहून अधिक डॉलर दिले गेले होते आणि त्यातील सुमारे ४९० कोटी लष्कर व पोलिसांच्या वाट्याला गेले होते. हेलिकॉप्टरे मिळाल्याने लष्कर दुर्गम जंगलांत पोहोचू लागले. अपहरणे व हत्या घटल्या. दुबळी झालेली फार्क अखेर वाटाघाटींना आली आणि २०१६ मध्ये शांतता करार झाला. पण या खात्याला दुसरी बाजूही आहे. २००२ ते २००८ या काळात किमान ६,४०२ निरपराध नागरिकांना ठार मारून त्यांना चकमकीत पडलेले गनिम म्हणून दाखवण्यात आले, असे कोलंबियाच्याच विशेष शांतता न्यायालयाने २०२१ मध्ये नमूद केले. मृतदेहांच्या संख्येवर बक्षिसी ठरू लागली की काय होते, ते येथे दिसले.

शेतकऱ्याचा हिशेब याहून साधा. केळी बाजारात न्यायची तर रस्ता हवा. कोकाचा खरेदीदार दारात येतो. विमानातून फवारलेले ग्लायफोसेट कोकाबरोबर खाण्याचे पीकही जाळत असे. सीमेपलीकडच्या इक्वेडोरने याविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला आणि २०१३ च्या तडजोडीत कोलंबियाने दीड कोटी डॉलर देऊ केले. २०१५ मध्ये हवाई फवारणी थांबली. शांतता करारानंतर पर्यायी पिकांच्या योजनेत सुमारे ९९ हजार कुटुंबे सामील झाली. अनेकांनी कोका उपटला, पण ठरलेले साहाय्य वेळेवर आले नाही आणि फार्कने सोडलेल्या प्रदेशात नव्या टोळ्या मात्र तत्परतेने आल्या. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत कोकाखाली २ लाख ५३ हजार हेक्टर जमीन आढळली.