पोरगा काय करते?

ढाणकीच्या बाजूला सोयरिकीची बोलणी निघाली की मुलाचं नाव विचारण्याआधी हा प्रश्न येतो. ‘शेती करते’ असं उत्तर मिळालं की पलीकडून फक्त ‘बरं, कळवतो’ एवढंच येतं, आणि कळवत कोणी नाही. ‘पुण्याला कंपनीत आहे’ म्हटलं की बोलणं थोडं पुढे सरकतं. ‘सर्व्हिसला आहे, पर्मनंट’ म्हटलं तर मुलीचा बाप खुर्ची पुढे ओढतो.

यावर गावात दोन मतं हमखास ऐकू येतात. पारावरची म्हणतात, आजकालच्या पोरी पैशाला भाळल्या. माजघरातल्या बाया म्हणतात, आमचं गेलं तेवढं पुरे, लेकीचं नको. मला दुसरं मत अधिक खरं वाटतं. पण त्याचं कारण समजून घ्यायला थोडा हिशेब मांडावा लागेल.

ढाणकी हे यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातलं, पैनगंगेच्या खोऱ्यातलं गाव. नदी ओलांडली की नांदेड जिल्हा. वऱ्हाड आणि निजामाचं राज्य यांची हद्द एकेकाळी हीच नदी होती. हद्द असली तरी सोयरिकी अलीकडे-पलीकडे होतच राहिल्या. या सगळ्या पट्ट्यात कापूस, सोयाबीन, तूर, आणि जिथे पाणी आहे तिथे हळद-ऊस. आता समजा, मुलाकडे पाच एकर कोरडवाहू आहे आणि त्याने सोयाबीन पेरलं. बरं साल गेलं तर एकरी सहा क्विंटल, म्हणजे तीस क्विंटल. २०२४-२५ चा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. बाजारात मात्र हंगामात बराच काळ भाव त्याच्या खालीच होता. ४,२०० धरा. आले सव्वा लाखाच्या आसपास. त्यातून बियाणं, खत, फवारणी, निंदण, सोंगणी, मळणी मिळून एकरी पंधरा हजार वजा करा. हाती राहिले पन्नास हजार आणि वर थोडे. घरातल्या माणसांची मजुरी यात धरलेलीच नाही. तूर-हरभऱ्याचे चार पैसे वरचे.

शेजारी सरकारी शिपाई ठेवा. सातव्या वेतन आयोगात राज्याच्या सगळ्यात खालच्या कर्मचाऱ्याचं मूळ वेतन १५,००० रुपये. महागाई भत्ता मूळ वेतनाच्या निम्म्यावर गेलेला आहे. घरभाडं सोडा, तरी महिन्याला तेवीस हजार झाले, वर्षाचे पावणेतीन लाख. वरच्याच हिशेबाने एवढे पैसे शेतीतून उरवायचे तर पंचवीस-सत्तावीस एकर लागतात, आणि पाऊस वेळेवर पाहिजे. ‘उत्तम शेती’ची म्हण भाषणात छान वाटते, मुलीचा बाप मात्र हा हिशेब तोंडी करून मोकळा झालेला असतो.

पण गोष्ट नुसत्या रकमेची नाही. नवऱ्याचं बरंवाईट झालं तर बाईच्या हाती काय उरतं, हा खरा प्रश्न. सरकारी कर्मचारी गेला तर घरातल्या कोणाला तरी अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळण्याची वाट असते, जुन्या योजनेतल्यांना कुटुंब निवृत्तिवेतन असतं. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे एक लाख रुपये: तीस हजार रोख, सत्तर हजार ठेव. तेही समितीने प्रकरण ‘पात्र’ ठरवलं तर. २००६ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, शेतकरी आत्महत्यांमुळे यवतमाळसह सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या साली जन्मलेल्या मुली आज लग्नाच्या वयाच्या आहेत. त्यांच्या आयांनी ते दिवस शेजारपाजारी पाहिले आहेत. त्या आईला ‘नोकरीवालाच कशाला पाहिजे?’ असं शहरात बसून विचारणं सोपं आहे.

आता या भागात फिरणारा बायोडाटा बघा. व्हॉट्सॲपवर तो रोज येतो. वर गणपती, मग नाव, जात, जन्मवेळ, रास, देवक. शिक्षण: बी.ए. नोकरी: पुणे येथे खाजगी कंपनीत. शेती: ६ एकर, ओलिताची. घर: स्लॅबचे. मग मामाकुळ आणि इतर नातेसंबंधांत आडनावांची रांग. यातली ‘पुणे येथे खाजगी कंपनीत’ ही ओळ सगळ्यात ताणून वाचायची असते. चाकण-रांजणगावला कंत्राटदाराच्या नावावर बारा तासांची पाळी करणारा पोरगाही ‘कंपनीत’च असतो, आणि अभियंताही. म्हणून मुलीकडचे आता पुण्यातल्या कोणा भाच्याला खोलीवर पाठवून खात्री करून घेतात. ‘पर्मनंट’चीही खात्री उरली नाही म्हणा. पोफाळीच्या वसंत साखर कारखान्यातली नोकरी एकेकाळी या तालुक्यात स्थळाची शान होती. कारखाना मध्यंतरी काही हंगाम बंद राहिला आणि ती शानही गेली.

आणि ‘शेती: ६ एकर’ ही ओळ नोकरीवाल्याच्या बायोडाट्यातही लागतेच! नुसती नोकरी असून जमीन नसेल तर ‘उद्या काही झालं तर जायचं कुठे?’ हा प्रश्न येतो. म्हणजे शेती पाहिजे, शेतकरी नको. शेतकऱ्याची पोरं या मागणीवर चिडतात, आणि त्यांचा राग मला समजतो. एकर मोजायचे आणि एकर कसणाऱ्याला नाकारायचं, हे जिव्हारी लागणारंच आहे. पण मुलीकडच्यांच्या नजरेतून जमीन म्हणजे आधार आणि नोकरी म्हणजे महिन्याचा पैसा. दोन्ही हाताशी असावेत असं कोणाला वाटणार नाही?

हा राग रस्त्यावरही आला. २१ डिसेंबर २०२२ ला सोलापुरात ज्योती क्रांती परिषदेने नवरदेवांचा मोर्चा काढला. शेरवानी घालून, मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून अविवाहित पोरं जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली. लोक हसले, चॅनलवाल्यांना दिवसभराचा मसाला मिळाला. पण गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा नीट राबवा, ही त्यांची मागणी हसण्यासारखी नव्हती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३. मुलीच कमी असल्या तर मुलीकडच्यांना निवड करता येते आणि यादीत सगळ्यात खाली असलेला आधी गळतो. तो बहुधा कमी जमिनीचा शेतकरी किंवा शेतमजूर असतो. अशा गळलेल्यांना गाठून पैसे घेऊन ‘मुलगी’ आणून देणारे दलाल निघाले, लग्नानंतर चार दिवसांत नवरी पसार झाल्याच्या बातम्याही आपण वाचतो.

हे सगळं ठरवून केलेल्या लग्नाचं झालं. प्रेमात तरी हा प्रश्न नसतो का? उमरखेड, पुसद, नांदेडच्या कॉलेजांत जमलेल्या जोड्यांना विचाराल तर सुरुवातीला नसतो. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांचा २००८ चा एक अभ्यास इथे आठवतो. त्यांनी विद्यार्थ्यांना आधी विचारलं, जोडीदारात काय पाहिजे? मुलींनी मुलांपेक्षा कमाईला जास्त महत्त्व दिलं, मुलांनी दिसण्याला. मग त्यांना प्रत्यक्ष भेटवलं. भेटीनंतर कोणाला कोण आवडलं हे पाहिलं, तर आधी सांगितलेला तो फरक नाहीसा झाला होता. कागदावरची यादी आणि समोरचं माणूस यांचा मेळ बसला नाही.

पण त्या अभ्यासात सगळेच विद्यार्थी होते. आपल्या कॉलेजातही तसंच असतं. कॅन्टीनमध्ये चहा पिताना दोघंही बी.ए. दुसऱ्या वर्षाला असतात, दोघांचीही बस सहाची असते. फरक पडतो तो शेवटची परीक्षा झाल्यावर. मुलगी एकवीस-बावीसची झाली की घरी स्थळं यायला लागतात. मुलाने तोवर भरतीचा फॉर्म भरलेला असतो. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर. एका जागेमागे सव्वादोनशे जण. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांना सतरा लाखांवर अर्ज आले. तो म्हणतो, ‘अजून दोन वर्षं थांब.’ राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, राखीवला ४३, त्यामुळे त्याची दोन वर्षं कितीही लांबू शकतात. तिच्या घरचे दोन वर्षं थांबत नाहीत. या भागात प्रेम मोडतं ते बहुतेक वेळा या वेळापत्रकामुळे मोडतं. तिने ‘पैसेवाला पाहिला’ असं मागाहून मित्र म्हणतात. तिला पाहायला तरी कोणी सांगितलेलं असतं का? जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ हा चित्रपट चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यातला. पाहुण्यांसमोर पुन्हा पुन्हा बसवल्या जाणाऱ्या मुलीला काय विचारलं जातं आणि काय नाही, हे त्यात नीट दिसतं.

आणि नोकरीच्याही आधी एक चाळणी असते, जातीची; तिचा उच्चार कोणी करत नाही. बायोडाट्याच्या दुसऱ्या ओळीत ती छापलेली असते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी बंगाली वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिरातींचा अभ्यास करून २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. जातीबाहेर जावं लागू नये म्हणून मुलीकडचे मुलाच्या शिक्षणात निरक्षर ते पदव्युत्तर एवढा फरकही सोसायला तयार होते. बंगालातल्या शहरी, शिकलेल्या घरांची ही गोष्ट. तालुक्याच्या गावाने स्वतःला वेगळं समजायचं कारण नाही. ‘पोरगा सर्व्हिसला पाहिजे’ हे वाक्य आपल्याकडे ‘आपल्यातला, आणि सर्व्हिसला’ असंच वाचायचं असतं. जोडी वेगळ्या जातींची असेल तर मुलगा तलाठी झाला काय आणि तहसीलदार झाला काय, दार सहजासहजी उघडत नाही.

मुलीच्या लग्नात पुरुषाची ऐपत पाहणं काही नवं नाही. देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं, त्यात पैशासाठी बाप कोवळी पोर जरठाच्या गळ्यात बांधायला निघतो. तेव्हा पैसा बापाला हवा होता. आजच्या बापाला तो मुलीसाठी हवा असतो, ही सुधारणाच म्हटली पाहिजे. एक गोष्ट मात्र तशीच राहिली: मुलीच्या हाती स्वतःचं काय आहे, हे तेव्हाही कोणी विचारत नव्हतं आणि आजही फारसं विचारत नाहीत.

माझं म्हणणं इथे आहे. पोरगा काय करते हा प्रश्न वाईट नाही, अपुरा आहे. मुलीला जमीन कुठली? कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत तिचा हिस्सा आहे. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. प्रत्यक्षात लग्नानंतर एक दिवस भाऊ तिला गाडीवर बसवून तालुक्याला नेतो आणि ती हक्कसोडपत्रावर सही करते. साडीचोळी होते, जेवण होतं. माहेरच्या सातबाऱ्यावरून नाव गेलं. सासरच्या सातबाऱ्यावर ते कधी चढत नाही. निंदण तिचं, कापूस वेचणी तिची, उतारा मात्र सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावाने. दोन्हीकडे कागदावर नसलेल्या बाईने नवऱ्याचा पगार पाहायचा नाही तर काय पाहायचं? तिची स्वतःची नोकरी म्हटलं तर पाहणीत ती ‘करू देऊ की’ एवढ्यावर निघते, म्हणजे परवानगीच्या खात्यात.

शेतकरी संघटनेने हे दुखणं फार आधी ओळखलं होतं. चांदवडला १९८६ मध्ये बायांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली: शेतकऱ्याने राजीखुशीने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावाने करून द्यायचा. गावोगाव तसं झालंही. १९९२ मध्ये शासनाने परिपत्रक काढलं. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. योजना आजही आहे. तिची आठवण मात्र फार थोड्या घरांत उरली आहे.

शेती करणाऱ्या पोरांना माझं सांगणं, मोर्चापेक्षा हा अर्ज जास्त उपयोगी पडेल. अडचण एकच, लग्नाच्या वेळी जमीन बहुधा बापाच्या नावावर असते, पोराच्या नाही. म्हणून सुरुवात बापानेच करावी, स्वतःच्या बायकोपासून. आणि मुलीकडच्यांना सांगणं असं की पुढच्या पाहणीला जाण्याआधी मुलाच्या घरचा सातबारा मोबाईलवर उघडा. एकर किती, ते बघालच. त्यावर मुलाच्या आईचं नाव आहे का, तेही बघा.