सही करण्याआधी पाहिलं का?

अंतराळयानाच्या वायरिंगमध्ये वायरीच्या टोकाला सोन्याचा मुलामा दिलेली बारीक पिन बसवतात. वायरीचं आवरण सोलायचं, उघडी तार पिनेच्या पोकळ शेपटीत सारायची आणि ठरलेल्या हत्याराने ती शेपटी चहूबाजूंनी दाबून टाकायची. याला क्रिंपिंग म्हणतात. त्या शेपटीच्या अंगाला एक इवलंसं भोक असतं. वीज वाहून नेण्यात त्या भोकाचा काही भाग नाही. ते फक्त पाहण्यासाठी ठेवलेलं आहे. भोकातून तारेचे धागे दिसले तर वायर तळापर्यंत पोचली. नाही दिसले तर ती पिन कापून टाकायची आणि नवी घ्यायची. एकदा दाबलेली पिन पुन्हा दाबून सुधारायला परवानगी नाही.

हा नियम नासाच्या ८७३९.४ या क्रमांकाच्या मानकात आहे. त्याच मालिकेत सर्किट बोर्डावर द्यायच्या लेपाचे आणि ऑप्टिकल फायबरचे नियम आहेत. सोल्डरिंगसाठी नासाचं आधी स्वतःचं मानक होतं. आता उद्योगजगताचं सामाईक मानक अंतराळासाठीच्या खास पुरवणीसह वापरतात. यंत्र कसं हलवून, तापवून, गोठवून पाहायचं हे मेरीलँडमधल्या गोडार्ड केंद्राच्या ‘जेव्ज’ या मानकात आहे. प्रकल्प कसा चालवायचा, कुठे थांबून आढावा घ्यायचा, हे ७१२०.५ या दस्तऐवजात. युरोपने १९९३ मध्ये आपल्या मानकांसाठी ईसीएसएस ही वेगळी व्यवस्था उभी केली. ही पानं रुक्ष आहेत, पण मी ती मोठ्या आदराने वाचतो. सूत्रं आणि आकडे त्यांत भरपूर आहेत, पण त्यांचा खरा रोख माणसावर आहे. अमुक गोष्ट कोणी, कधी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची आणि ‘एवढ्या वेळी सोडून देऊ’ म्हणायचा अधिकार कोणाकडे नसावा, हे ती पानं ठरवतात.

कंपन चाचणीचंच बघा. रॉकेट सुटताना उपकरणाला जो हादरा बसतो, तो आधी जमिनीवर द्यायचा. साधारण २२ किलोपर्यंतच्या उपकरणासाठी जेव्ज १४.१ जी एवढी सरासरी तीव्रता सांगतं. ही पातळी उड्डाणात अपेक्षित असलेल्या थरथरीच्या दुप्पट शक्तीची असते. २० ते २००० हर्ट्झपर्यंतच्या सगळ्या कंपनसंख्या एकाच वेळी मिसळून, एकेका अक्षावर दोन-दोन मिनिटं. पण पुष्कळदा उपकरण एकच बनतं, आणि जे तपासायचं तेच उडवायचं असतं. मग तीव्रता तीच ठेवून वेळ एका मिनिटावर आणतात, म्हणजे चाचणीतच धातू थकून जाऊ नये. या मोठ्या हादऱ्याच्या आधी आणि नंतर तेच उपकरण अगदी हलक्या हाताने हलवून त्याचा आलेख काढतात. दोन आलेख एकमेकांवर ठेवायचे. नैसर्गिक कंपनसंख्येचं एखादं शिखर बाजूला सरकलेलं दिसलं, तर आत काहीतरी सैल झालं आहे किंवा तडकलं आहे. पेटी न उघडता, स्क्रूला हात न लावता हे कळतं. मला ही कल्पना फार सुंदर वाटते.

दुसरी चाचणी निर्वाताची. गोंद, रबर, रंग, प्लॅस्टिक यांतून निर्वातात वाफ सुटते आणि कॅमेऱ्याच्या थंड भिंगावर जाऊन बसते. म्हणून प्रत्येक पदार्थाचा तुकडा निर्वातात १२५ अंश सेल्सियसला २४ तास ठेवतात. त्याचं वजन १ टक्क्याहून जास्त घटता कामा नये आणि शेजारच्या २५ अंशांच्या पट्टीवर साठलेला थर ०.१ टक्क्याच्या आत हवा. हजारो पदार्थांचे असे निकाल गोडार्डने कोणालाही पाहता येतील असे खुले ठेवले आहेत.

ही शिस्त आपल्याकडेही आहे. इस्रोच्या रॉकेटांची विकास इंजिनं विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात बनतात, बूस्टरच्या मोटरची कवचं वालचंदनगरला. प्रक्षेपणाआधी सज्जतेचा आढावा होतो आणि शेवटची परवानगी प्रक्षेपण मंजुरी मंडळ देतं. चांद्रयान-२ चं लँडर २०१९ मध्ये आदळल्यावर इस्रोने काय केलं, ते मला मानकांच्या वृत्तीचं चांगलं उदाहरण वाटतं. ५०० मीटर लांब-रुंद असलेली उतरण्याची जागा चांद्रयान-३ साठी ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. पाय जास्त भक्कम केले आणि सेकंदाला २ मीटरऐवजी ३ मीटर वेगाने टेकलं तरी लँडर टिकेल अशी सोय केली. नेमकं काय चुकेल हे सांगता येत नाही हे मान्य करून, चुकलं तरी निभावेल एवढी जागा मुद्दाम राखली.

पैसा आणि वेळ यांतही अशी जागा राखावी लागते. नासात मोठ्या प्रकल्पाचा खर्च आणि मुदत मिळून ७० टक्के खात्रीची असावी, असा दंडक आहे. प्रकल्पप्रमुखाला जो आकडा सोयीचा वाटतो तो सहसा याहून बराच कमी असतो.

आता ६ सप्टेंबर २००३ चा शनिवार. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल इथे लॉकहीड मार्टिनच्या कारखान्यात ‘नोआ एन-प्राइम’ हा हवामान उपग्रह उभ्याचा आडवा करायचा होता. त्यासाठी त्याला कलत्या गाड्यावर चढवलं होतं. उपग्रह आणि गाडा यांच्यामधली जोडपट्टी २४ बोल्टांनी घट्ट केलेली असायला हवी होती. दुसऱ्या एका उपग्रहावर काम करणाऱ्या तंत्रज्ञांनी ते बोल्ट आधीच काढून नेले होते आणि त्याची नोंद कुठेही नव्हती. गाडा कलायला लागला. १३ अंशांवर उपग्रह निसटला आणि सुमारे तीन फुटांवरून काँक्रीटवर आदळला. दुरुस्तीला साडेतेरा कोटी डॉलर लागले. २००९ मध्ये तो नोआ-१९ या नावाने अखेर उडाला.

त्या कामाच्या पद्धतीत बोल्ट तपासण्याची पायरी होती का? होती. तिच्यासमोर सह्याही होत्या. चौकशी समितीला आढळलं की जबाबदार अभियंत्याने आधीच्या कामाच्या कागदावर विसंबून गाडा तयार आहे असं धरलं, आणि तंत्रज्ञ व तपासनीस यांनी न पाहता सही केली. त्याहून जिवाला लागणारी गोष्ट पुढे आहे. चमूतल्या एकाने रिकामी भोकं पाहिली होती, तसं बोलूनही दाखवलं होतं. बाकीच्यांनी ते उडवून लावलं. म्हणजे जे पाहायला हवं ते पाहिलं गेलं होतं. त्या पाहण्याला तिथे कोणी किंमत दिली नाही.

‘जेनेसिस’ या यानाचं दुःख थोडं वेगळं. सौर वाऱ्याचे कण घेऊन ८ सप्टेंबर २००४ ला त्याची कुपी युटाच्या वाळवंटावर परतली. पॅराशूट उघडलंच नाही आणि ती ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेगाने जमिनीत रुतली. वेग मंदावल्याची जाणीव होऊन पॅराशूटला इशारा देणाऱ्या कळा आराखड्यातच उलट्या काढलेल्या होत्या. त्या गरगर फिरवून पाहिल्या असत्या तर चूक उघड झाली असती. पण हे डिझाइन ‘स्टारडस्ट’ यानावरून घेतलंय, म्हणजे सिद्ध झालेलंच आहे, असं मानून ती चाचणी गाळली आणि आराखडे ताडून पाहण्यावर भागवलं. आधी उडालेली वस्तू हा या क्षेत्रातला सगळ्यात धोक्याचा दिलासा आहे. जुनी वस्तू नव्या पेटीत बसवली की ती नवी झाली असंच धरायला हवं.

या दोन्ही अपघातांत जीव गेला नाही. चॅलेंजर यानात सात जण गेले. १९८५ च्या उन्हाळ्यात रॉकेट मोटरच्या सांध्यातल्या ओ-रिंगा जळालेल्या दिसल्यावर त्यांच्यावर प्रक्षेपणाची अट घातली होती: प्रश्न सुटल्याशिवाय उडायचं नाही. नियम अगदी बरोबर होता. मग पुढच्या एकेका उड्डाणासाठी त्या अटीतून लेखी सूट, म्हणजे वेव्हर, दिली गेली. देणारे त्याच मोटरचा प्रकल्प सांभाळणारे होते. २८ जानेवारी १९८६ च्या सकाळी अंतिम निर्णय घेणाऱ्या वरिष्ठांना ही अट आणि त्या सवलती ठाऊकच नव्हत्या.

कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी ज्या कोलंबियात गेले, त्या अपघाताच्या चौकशी मंडळाने २००३ मध्ये या दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं. तांत्रिक नियम आणि त्यांतल्या सवलती ज्यांच्या हाती आहेत, त्यांच्यावर वेळापत्रकाची आणि खर्चाची जबाबदारी नसावी, अशी शिफारस मंडळाने केली. त्यातून नासाची आजची स्वतंत्र तांत्रिक अधिकाराची व्यवस्था आली. या अभियंत्यांचा पगार प्रकल्पाच्या थैलीतून येत नाही. कोणाला निर्णय पटला नाही तर तो लेखी विरोध नोंदवू शकतो आणि तो विरोध पायरी-पायरीने थेट नासाच्या प्रमुखापर्यंत जाऊ शकतो. मला विचाराल तर या सगळ्या ग्रंथभांडारातली सगळ्यात मोलाची तरतूद हीच आहे. टॉर्कचा, म्हणजे बोल्ट किती जोराने पिळायचा याचा, आकडा चुकला तर दुसरा कोणी दुरुस्त करील. बोलणाऱ्याचा आवाज वर पोचलाच नाही तर दुरुस्त करणाऱ्याला कळणार कसं?

२००६ च्या जूनमध्ये डिस्कव्हरी यानाच्या उड्डाणाचा आढावा झाला तेव्हा या तरतुदीची कसोटी लागली. इंधनाच्या टाकीवर बर्फ धरू नये म्हणून बसवलेले फोमचे उंचवटे निसटतील अशी भीती होती. नासाचे मुख्य अभियंता ख्रिस स्कोलीज आणि सुरक्षाप्रमुख ब्रायन ओ’कॉनर या दोघांनी ‘नको’ असं मत दिलं आणि ते लेखी नोंदवलं. यानाला इजा झाली तरी अंतराळवीर स्थानकात थांबू शकतील, म्हणून उड्डाण अडवण्याचा आग्रह आपण धरत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं. प्रमुख मायकेल ग्रिफिन यांनी धोका स्वतःच्या नावावर घेऊन परवानगी दिली आणि हे मतभेद जाहीरपणे सांगितले गेले. डिस्कव्हरी ४ जुलैला उडालं, १७ जुलैला सुखरूप उतरलं. त्या उंचवट्यांची रचना बदलण्याचं काम मात्र त्यानंतरही चालू राहिलं.